समलिंगी सैनिकास आधार कोणाचा?

भोर आणि वेल्हे (वेल्ह्यास आता राजगड तालुका म्हणतात) हा पुणे जिल्ह्यातील मावळप्रांत होय. तोरणा, राजगड, रोहिडा यांच्या पायथ्याच्या गावांत शिपाईगिरीची परंपरा जुनी आहे. तेथून सैन्यात भरती होणाऱ्या तरुणास पलटण हेच दुसरे घर होते. बराकीत खाटेला खाट लागून असते, जेवण एका पंगतीला असते. आईचे दुखणे असो, बांधाचा तंटा असो, शेजारच्या गड्यापाशी मन मोकळे करता येते. परंतु ज्याचे मन पुरुष असून पुरुषाकडेच ओढ घेते, त्यास एवढी एक गोष्ट तेथे सांगता येत नाही. जेथे जीव एकमेकांच्या हाती सोपवावयाचा, तेथेच त्याला अखंड सावध राहावे लागते.

सुट्टीवर घरी यावे, तर पाहुणे स्थळ घेऊन बसलेले असतात. २०२२ पूर्वी भरती झालेल्यास कायमची नोकरी, पुढे निवृत्तिवेतन. असा जावई कोण सोडील? नकाराचे खरे कारण सांगण्याची सोय नसल्यामुळे कित्येकदा होकार द्यावा लागतो, आणि त्या होकाराची किंमत ज्या मुलीस काही ठाऊकच नसते तिलाही मोजावी लागते. या विषयाच्या चर्चेत तिचा विचार फारसा होत नाही, हे खचित अन्यायाचे आहे.

कायद्याची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ त्या मर्यादेपुरते निष्प्रभ झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. तथापि राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदान्वये सैनिकांच्या मूलभूत हक्कांस संसद मुरड घालू शकते. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी, असे संबंध सैन्यात चालू देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे गणवेष न घालणाऱ्यास जे निर्दोष, तेच तो घालणाऱ्यास धोक्याचे.

शिस्तीचा मुद्दा पोकळ नाही. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाशी जवळीक साधणे घातकच. मग ते दोघे पुरुष असोत वा स्त्री-पुरुष. परंतु तो वर्तनाचा प्रश्न झाला, स्वभावाचा नव्हे. नेदरलँड्सने १९७४ साली समलिंगी व्यक्तींस सैन्याचे दार उघडले, आणि १९८७ साली तेथील सैनिकांची यासाठी स्वतंत्र संस्थाही निघाली. ब्रिटनमधील बंदी १२ जानेवारी २००० रोजी उठली. पूर्वी झालेल्या छळाबद्दल पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती मात्र जुलै २०२३ मध्ये. तेवीस वर्षांनी!

स्वतःचे लिंगच निराळे वाटणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा. लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका नाविकास नौदलाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सेवामुक्त केले. उलट बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायास २०१८ साली राज्य शासनाने त्या शस्त्रक्रियेची परवानगी दिली, आणि पुढे पुरुष शिपाई म्हणून नोकरीही कायम राहिली.

भारतीय सैन्यात समलिंगी सैनिकांची मान्यताप्राप्त संस्था नाही. सुभेदारसाहेब कितीही मायाळू असोत, ते वरिष्ठच; त्यांच्या कानी घातलेली गोष्ट पुढे कोठवर जाईल, याची शाश्वती कोण देणार? म्हणून आधार हुकुमाच्या साखळीबाहेरचाच हवा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समलिंगी व्यक्तींसाठी समपथिक ट्रस्ट स्थापिला. सैन्यदलांतील माणसांच्या मानसिक आरोग्यासाठी पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी ‘टेलिमानस’चा खास कक्ष दोन वर्षांच्या प्रयोगादाखल उघडण्यात आला; परंतु तो सैन्याच्याच घरातला असल्याने तेथे बोलण्यासही काही जण कचरतील, हे उघड आहे. अशांसाठी सर्व नागरिकांकरिता असलेला १४४१६ हा क्रमांक आहे; तो अहोरात्र चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. वेल्ह्याकडील एखाद्या वाडीत फोन लागण्यासाठी टेकडी चढावी लागली, तर या कामी ते एकांताचे ठिकाण घरापेक्षा बरेच सोयीचे.