नळ्यांची तपासणी

संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही स्त्रीच्या बीजवाहिन्यांविषयी बोलणार आहोत. कामगारांच्या पतपेढीकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांत ‘पत्नीच्या नळ्यांची तपासणी’ हे कारण आम्ही पुष्कळदा वाचतो. तपासणीत काय करतात, हे अर्जदाराला सांगता येत नाही; आणि जिची तपासणी व्हायची, तिलाही कोणी सांगितलेले नसते. आम्ही काही वैद्य नव्हे. पुस्तके वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, तेवढे सांगतो.

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना दहा-बारा सेंटिमीटर लांबीची एकेक नळी असते. फॅलोपियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६१ साली त्यांचे वर्णन छापले, म्हणून डॉक्टरमंडळी त्यांना त्याच्या नावाने ओळखतात. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडते ती या नळीत, गर्भाशयात नव्हे. गर्भाशयाजवळ या नळीचे छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचे. एवढ्याशा वाटेत जंतूंमुळे सूज आली, व्रण धरला, की वाट बुजते. आपल्या देशात क्षयाचे जंतू हे त्याचे एक मोठे कारण आहे. क्षय फुप्फुसाचाच, असे आपण धरून चालतो. पण खोकला नाही, ताप नाही, आणि आत नळ्या मात्र निकामी झालेल्या, असेही घडते.

पोट न उघडता ही वाट पाहण्याची एक युक्ती न्यूयॉर्कच्या डॉ. रुबिन यांनी १९२० च्या सुमारास रूढ केली. गर्भाशयात वायू सोडायचा आणि दाब मोजायचा. वाट मोकळी असली तर वायू पोटात शिरे, आणि बाई उठून बसली की तिचा खांदा दुखे. दुखण्याने शुभवार्ता आणावी, असा हा दुर्मिळ प्रसंग! पुढे क्ष-किरणांची पद्धत आली. आज ‘एचएसजी’ म्हणतात ती हीच.

पाळीचा स्राव थांबल्यावर, पण बीज सुटण्यापूर्वी ही तपासणी करतात, म्हणजे गर्भ राहिलेला असण्याची शंका उरत नाही. बाईला टेबलावर उताणे निजवून गर्भाशयाच्या मुखातून एक बारीक नळी आत घालतात आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव सावकाश सोडतात. पडद्यावर प्रथम गर्भाशयाचा त्रिकोण उमटतो, मग दोन्ही बाजूंना सुतासारखी रेघ. रेघेच्या टोकाशी द्रव पोटात सांडताना दिसले की त्या बाजूची वाट खुली. सारा कारभार काही मिनिटांचा. कळा पाळीतल्यासारख्या येतात. काहींना थोड्या, काहींना असह्य. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत आहे. ती कोणी सुचवली नाही तर बाईने खुशाल विचारावे. पूर्वी एखाद्या औषधाची किंवा अशा द्रवाची बाधा झाली असेल तर तेही आधी सांगावे. नंतर ताप आला, पोटदुखी वाढत गेली किंवा घाण वासाचा स्राव झाला, तर घरी न थांबता डॉक्टर गाठावा. नव्या यंत्रावर उभे करताना कामगाराला धोका समजावून सांगा, म्हणून आम्ही मालकांशी भांडतो. तोच न्याय या टेबलाला का नसावा?

आता अहवालाविषयी, कारण खरा घात तेथे होतो. ‘नळी बंद’ हे दोन शब्द वाचून सुनेला माहेरी धाडल्याचे आम्ही पाहिले आहे. वास्तविक गर्भाशयाजवळची नळी तपासणीच्या वेळी नुसती आखडली, तरी फोटोत ती बंद दिसते. म्हणून गरज पडल्यास दुर्बिणीतून, निळे द्रव सोडून पुन्हा पाहतात. उलट, वाट खुली दिसली म्हणून नळीचे काम नीट चालते, असेही सिद्ध होत नाही. या तपासणीने कधी कधी लाभही होतो. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलयुक्त द्रव वापरलेल्यांपैकी ३९.७ टक्के आणि पाण्याचे द्रव वापरलेल्यांपैकी २९.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत गर्भ राहून टिकला.

आणि नवऱ्याचे काय? वीर्याच्या तपासणीत टेबल नाही, कळा नाहीत, खर्चही थोडा. ती आधी व्हावी हे सरळ आहे. पण बाईने दोन खाडे करून कळा सोसाव्यात आणि पुरुषाने एका बाटलीला लाजावे, हा आपल्याकडचा रिवाज! मोर्चात पुढे असणारे आमचे गडीही याला अपवाद नाहीत.

दोन्ही नळ्या खरोखरच बंद असल्या, तरी मार्ग संपत नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. बीजाची गाठ शरीराबाहेर काचपात्रात घालून दिली गेली. मुंबईत तशी मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली, ती परळला, गिरण्यांच्या वस्तीतल्या के. ई. एम. या म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने. हा उपाय आजही महाग आहे आणि दर वेळी फळतोच असे नाही. मूळ दुखणे क्षयाचे निघाले, तर आधी त्याचा औषधोपचार पुरा करावा लागतो. ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.