मीटर का काळवंडतो?

परभणी-जिंतूर रस्त्यावरचं बोरी घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही बाजाराचं गाव. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या दुचाकींचे डिजिटल मीटर काही उन्हाळ्यांनंतर डागाळू लागतात आणि आकडे त्या डागांत बुडतात. मालक म्हणतो, मीटर गेला. मेकॅनिक मात्र अनेकदा सर्किटला हातही लावत नाही. काचेवरची करपलेली फिल्म ब्लेडने सोलतो, चिकटा पुसून काढतो आणि नवी ‘पोलरायझर शीट’ कापून लावतो. ती चुकून काटकोनात लागली, तर करड्या पाटीवर काळे आकडे उमटण्याऐवजी काळ्या पाटीवर उजळ आकडे उमटतात. काही हौशी पोरं मुद्दाम तसं करून घेतात.

या प्लास्टिकला उभं-आडवं कळतं, ते ताणल्यामुळे. फिल्म असते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पीव्हीएची. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात जे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट असतं, त्यापासूनच हे बनवतात. मुळात तिच्यातले लांबलचक रेणू गुंतवळासारखे अस्ताव्यस्त पडलेले असतात. फिल्म ओली करून पाच-सहा पट ताणली की ते एका दिशेने लागतात. तिला आयोडीन पाजलं की त्याचे अणू या रेणूंच्या कडेने साखळ्या धरतात. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकल्यावर जो निळा-काळा रंग येतो, तोही स्टार्चच्या रेणूत बसलेल्या अशाच साखळ्यांचा.

प्रकाशलहरीचं विद्युतक्षेत्र तिच्या वाटेला आडवं कंप पावतं आणि साध्या उजेडात हे कंप सगळ्या आडव्या दिशांचे असतात. ज्याचा कंप साखळीला समांतर, तो प्रकाश साखळीतल्या इलेक्ट्रॉनांना मागे-पुढे हलवतो आणि तिथेच शोषला जातो. साखळीला काटकोनात कंप असलेला पार होतो. पुस्तकांत यासाठी उभ्या गजांतून जाणाऱ्या दोरीचं चित्र काढतात. ते चित्र मला पटत नाही, कारण इथे साखळ्यांना समांतर असलेलाच अडतो.

आदर्श फिल्म साध्या उजेडातला निम्मा भाग सोडेल. चांगली प्रत्यक्षातली फिल्म ४२-४४ टक्के सोडते. दोन फिल्म काटकोनात ठेवल्या की अंधार. पण दोन्हींच्या मध्ये तिसरी ४५ अंशांत सरकवली, तर उजेड परत येतो! आदर्श हिशेबात मूळ उजेडाचा आठवा हिस्सा. मीटरमध्ये हे फिरवण्याचं काम दोन फिल्मांमधला द्रवस्फटिकाचा थर करतो. वीज नसताना तो कंपाची दिशा ९० अंशांनी वळवतो. आकड्याच्या जागी वीज दिली की वळवणं थांबतं आणि तेवढा भाग काळा दिसतो.

१९३८ मध्ये अमेरिकेत एडविन लँडने ही ताणलेली आयोडीन फिल्म काढली. त्याआधी लोक कॅल्साइट स्फटिकाचा निकोल प्रिझम वापरत. १९२१ च्या सप्टेंबरात सी. व्ही. रामन ‘नारकुंडा’ बोटीने इंग्लंडहून परतताना असाच प्रिझम जवळ बाळगून होते. त्यातून त्यांनी पाण्यावरची आकाशाची झळाळी घालवून पाहिली, तर समुद्र निळाच राहिला. म्हणजे ती निळाई केवळ आकाशाचं प्रतिबिंब नव्हे. तसं लिहिलेलं त्यांचं पत्र मुंबई बंदरातून ‘नेचर’कडे गेलं. जिंतूर तालुक्यातल्याच येलदरी जलाशयावर आज पोलराइज्ड गॉगलने तसं पाहता येतं. पाण्यावरून परावर्तित उजेडाचे कंप मुख्यतः आडवे असतात, म्हणून गॉगलची फिल्म आडवी ताणलेली असते.

रचनेतच तिची दुखरी नस आहे. पीव्हीए पाण्यात विरघळतं, म्हणून दोन्ही बाजूंनी संरक्षक थर लागतात. दमट उष्णतेत आयोडीनच्या साखळ्या तुटून फिल्म फिकी पडते, तर कोरड्या उष्णतेत पीव्हीएच्या रेणूंतून पाणी निघून जाऊन ती तपकिरी होते. म्हणून जिथे ऊन फार, तिथे आयोडीनऐवजी टिकाऊ सेंद्रिय रंग वापरतात. त्यांची धार सहसा थोडी कमी, पण उन्हात तग धरतात.

अशा दोन आयोडीन फिल्म मिळाल्या तर काटकोनात धरा, मागे टीव्हीचा रिमोट ठेवून बटण दाबा आणि मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. डोळ्यांना काळोख दिसतो, तरी कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा बहुधा लुकलुकताना दिसेल. तांबड्यापलीकडे आयोडीनच्या साखळ्या प्रकाश फारसा शोषत नाहीत. रिमोटच्या अवरक्त किरणांसाठी ती फिल्म जवळजवळ साधं प्लास्टिकच असते.