आडनाव हरवलं, पण बायकोचं नाव सापडलं: क्युबेकच्या वंशावळींची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या भागाचा लिखित अवतार.

आजचा विषय जरा लांबचा: कॅनडातल्या क्युबेक प्रांतातली फ्रेंच घराणी. माझा त्यांच्याशी संबंध काय? तर माझा एक टीममेट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. आडनाव ग्रीनवुड. वडील ८४ वर्षांचे. आपले पूर्वज क्युबेकहून आले, एवढंच त्यांनी ऐकलेलं. "बाबा आहेत तोवर त्यांना मूळ नाव सांगायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, नोंदी दे, स्क्रिप्ट लिहितो. एका रात्रीचं काम!

रिझल्ट आला शून्य.

पहिली भानगड भाषांतराची. साधारण १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन माणसं अमेरिकेत गेली. त्यातली बरीच न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत लागली. तिथे कित्येकांच्या आडनावांचं चक्क इंग्रजी झालं. 'ब्वा' म्हणजे लाकूड किंवा रान, 'व्हेर' म्हणजे हिरवं. ब्वाव्हेरचं झालं ग्रीनवुड. तसंच लब्लांचं व्हाइट, रुआचं किंग.

ठीक आहे, ब्वाव्हेर शोधू. तर मागे जाता जाता तेही गायब! त्याजागी 'दनेव्हेर दी ब्वाव्हेर'.

हे 'दी' म्हणजे आपलं 'उर्फ'. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असायचं. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंट क्युबेकला आली, त्यातले शेकडो शिपाई तिथेच स्थायिक झाले आणि ती नावंही रुजली. काही उर्फ नावं गावावरून, काही जमिनीवरून पडली. पुढे एक भाऊ पहिलं नाव लावतो, दुसरा उर्फ लावतो. एकच माणूस लग्नात एक आणि दफनाच्या नोंदीत दुसरं. माझी स्क्रिप्ट त्यांना दोन वेगळी माणसं समजत होती.

बरं, पहिल्या नावावर भरवसा ठेवावा, तर बाप्तिस्म्यात बऱ्याच मुलांना 'जोझेफ' आणि मुलींना 'मारी' जोडलेलं. एका घरात चार-चार मारी!

मग मार्ग कुठे निघाला? बायकोपाशी.

क्युबेकच्या कॅथलिक नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने येते. लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, दफन, सगळीकडे. पहिल्या लग्नाच्या नोंदीत सहसा नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आयांची माहेरच्या आडनावासकट. म्हणून तिथले जाणकार एकटा माणूस शोधत नाहीत, जोडपं शोधतात. मी आडनावाऐवजी 'नवऱ्याचं पहिलं नाव अधिक बायकोचं माहेरचं पूर्ण नाव' अशी की लावली. नवऱ्याचं आडनाव बदललं तरी बायको तीच. एकेक लग्न करत साखळी मागे सरकली. (विधुर किंवा विधवेचं लग्न असेल तर बहुधा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचं नाव मिळतं, मग ते पहिलं लग्न शोधायचं.)

नोंदी टिकल्या कशा? १७व्या शतकाच्या अखेरीपासून दोन प्रती ठेवायची पद्धत पडली: एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. चर्च जळलं तरी बॅकअप आहेच!

आणि ही फक्त जुनी रीत नाही. १९८१ पासून क्युबेकमध्ये कायद्यानेच विवाहित बाईचं अधिकृत नाव जन्मनावच राहतं.

टीममेटने वडिलांना कागद वाचून दाखवला. ते 'दनेव्हेर' हा शब्द दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले म्हणे.

त्या रात्री माझ्या डोक्यात आलं: ३०० वर्षांपूर्वीच्या परक्या बायकांची माहेरची आडनावं मला पाठ झालीत, आणि माझ्या पणजीचं? लग्नात तर तिचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. आजीला फोन लावला. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, आईचं माहेरचं नाव मला आजवर कुणी विचारलंच नाही."

सांगितलं तिने. मी लिहून ठेवलंय. तुमच्याही घरी आज एक फोन करा. आपल्याकडे दुसरी प्रत बहुतेक वेळा आजीच्या डोक्यातच असते.

भेटू पुढच्या भागात!