प्रताधिकाराविषयीचे लोकसमज

प्रताधिकार (अन्य नावे: स्वामित्वहक्क, कॉपीराइट) हा लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार, चित्रपटनिर्माते, संगणक-आज्ञावली लिहिणारे इत्यादींना आपल्या निर्मितीवर कायद्याने मिळणारा, ठरावीक मुदतीचा हक्क होय. 'प्रत' आणि 'अधिकार' या दोन शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. कोणी प्रत काढावी हे ठरविण्याचा अधिकार, असा तिचा शब्दशः अर्थ. मात्र प्रत काढण्याबरोबरच भाषांतर, रूपांतर, जाहीर प्रयोग आणि प्रसारण यांचाही तीत समावेश होतो. भारतात हा विषय प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याने नियंत्रित होतो. हा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला.

झेरॉक्स यंत्र, ध्वनिफीत, सीडी आणि त्यानंतर मोबाइल यांमुळे प्रत काढणे अत्यंत सोपे झाले. पूर्वी लेखक, प्रकाशक आणि नाट्यनिर्माते यांच्यापुरता असलेला हा विषय त्यामुळे प्रत्येक घराशी येऊन भिडला. त्याविषयी समाजात जे समज रूढ आहेत, त्यांपैकी काही कायद्याहून फार सैल, तर काही कायद्याहून फार कडक आहेत.

हक्काचे स्वरूप

प्रताधिकार कल्पनेला मिळत नाही, तर तिच्या मांडणीला मिळतो. गडावरच्या एका पहारेकऱ्याची कथा लिहावी, ही कल्पना कोणालाही वापरता येते. परंतु एखाद्या लेखकाने ती ज्या शब्दांत, प्रसंगांत आणि व्यक्तिरेखांत बांधली, ती बांधणी त्याची असते. निर्मिती मूर्त स्वरूपात येताच हा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. नोंदणीची सोय आहे, पण तिचा उपयोग मुख्यतः वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून होतो. 'सर्व हक्क राखीव' हे शब्द छापलेले नसले तरी हक्क राखीवच असतात.

लेखक आणि हक्काचा मालक या नेहमी एकच व्यक्ती असतात असे नाही. लेखक करार करून आपला हक्क प्रकाशकाला किंवा निर्मात्याला देऊ शकतो. तरीही निर्मितीशी आपले नाव जोडले जावे आणि आपली प्रतिष्ठा डागाळेल असा बदल तीत होऊ नये, हे लेखकाचे विशेष हक्क शिल्लक राहतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराचा आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा करारानेही काढून घेता येत नाही. चित्रपटगृहातील प्रदर्शन मात्र याला अपवाद आहे.

मुदत

साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या प्रकारांतील निर्मितीला लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. ही ६० वर्षे मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असताना ती वाढविण्यात आली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षे असते. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदतही प्रकाशनापासून मोजतात.

साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे 'श्यामची आई'सह त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून भारतात प्रताधिकारमुक्त झाले. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांचा कवितासंग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून त्या कवितांची मुदत मृत्यूवर्षावरून न मोजता प्रकाशनवर्षावरून मोजली जाते आणि ती २०१२ अखेर संपली.

एकाच कलाकृतीत अनेक हक्क: 'जैत रे जैत'

एका कलाकृतीचा एकच मालक आणि एकच मुदत असते, हा सर्वांत व्यापक गैरसमज आहे. त्याचे निरसन करण्यासाठी मावळ परिसराशी संबंधित एक उदाहरण उपयुक्त ठरते. मावळ तालुक्यात सोमाटणे गावाशेजारी असलेल्या तळेगाव दाभाडे येथे कादंबरीकार गो. नी. दांडेकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या त्यांच्या कादंबऱ्यांत मावळचा मुलूख आला आहे. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांच्या जीवनावरील त्यांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्याची गीते ना. धों. महानोर यांची, तर संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे.

लोकांच्या दृष्टीने 'जैत रे जैत' ही एकच गोष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तीत निदान पाच हक्क आहेत. दांडेकर १ जून १९९८ रोजी निवर्तले. म्हणून कादंबरीवरील हक्क २०५८ अखेरपर्यंत राहील. चित्रपटाचा हक्क आणि त्या वेळी निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०३७ अखेर संपेल. महानोर यांचे निधन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले असल्याने गीतांच्या शब्दांची मुदत २०८३ अखेरपर्यंत चालेल. स्वररचनेची मुदत संगीतकाराच्या आयुष्याशी निगडित आहे. म्हणजे २०३८ मध्ये चित्रपट म्हणून असलेला हक्क संपला तरी कादंबरीवर नवा चित्रपट काढण्यास दांडेकरांच्या हक्कदारांची परवानगी लागेल, आणि गीते नव्याने ध्वनिमुद्रित करण्यासाठी गीतकार व संगीतकार यांच्या हक्कांचा विचार करावा लागेल.

संतसाहित्याबाबत हीच बाब उलट बाजूने दिसते. तुकारामांचे अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत. परंतु एखाद्या आधुनिक गायकाने गायिलेल्या अभंगाचे ध्वनिमुद्रण, त्याला दिलेली नवी चाल, किंवा एखाद्या अभ्यासकाने गाथेला जोडलेली प्रस्तावना व टीपा यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो.

प्रचलित समज आणि वस्तुस्थिती

'इंटरनेटवर आहे म्हणजे सर्वांचे आहे.' एखादा मजकूर वाचण्यास खुला असणे आणि त्याच्या प्रती काढून वाटण्यास मोकळीक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळावर ठेवलेले छायाचित्र किंवा कविता यांवरील हक्क त्यामुळे नष्ट होत नाही.

'खाली कवीचे नाव दिले की पुरते.' नाव देणे आवश्यक आहे, पण ते परवानगीची जागा घेऊ शकत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या अनेक कवितांखाली नाव नसते किंवा भलत्याच कवीचे नाव असते. तेथे मूळ कवीची हानी पैशाची नसून श्रेयाची असते.

'पैसे मिळवले नाहीत, म्हणून चालते.' नफा झाला की नाही, याचा विचार न्यायालय करू शकते. तथापि नफा नसणे हा सर्वसाधारण बचाव नाही. एखाद्या विक्रीत असलेल्या पुस्तकाची पीडीएफ विनामूल्य वाटल्यानेही त्याची विक्री खुंटू शकते.

'तीस सेकंद किंवा दहा टक्के वापरता येते.' भारतीय कायद्यात असे कोणतेही माप नाही. खासगी वापर व संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी 'न्याय्य वापर' करण्यास कलम ५२ मुभा देते. किती वापरले, कशासाठी वापरले आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे प्रकरणानुसार पाहिले जाते.

'पुस्तक विकत घेतले, म्हणजे त्याचे काहीही करता येते.' पुस्तक वाचता, देता आणि पुन्हा विकता येते. जुन्या पुस्तकांचा व्यवसाय त्यावरच चालतो. खरेदीमुळे मालकी कागदाच्या प्रतीची मिळते, मजकुराची नव्हे.

'झेरॉक्स म्हणजे गुन्हाच.' हा समज कायद्याहून कडक आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी प्रती काढण्यास कायद्यात सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स केंद्राविरुद्ध मोठ्या प्रकाशनसंस्थांनी दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. अंध व अन्य अपंग वाचकांसाठी ब्रेल किंवा श्राव्य आवृत्ती तयार करण्यासही २०१२ पासून मुभा आहे. या विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

शाळा, मंडळे आणि लग्नसमारंभ

शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी व शिक्षकांनी नाटिका किंवा गीत सादर केले आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर त्यास परवानगी लागत नाही. त्याच कार्यक्रमाचे चित्रण इंटरनेटवर सर्वांसाठी टाकले, की तो वापर या सवलतीच्या बाहेर जातो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगालाही सवलत आहे. असे असले तरी मराठी रंगभूमीवर नाटककाराची लेखी परवानगी घेण्याची आणि त्याला प्रयोगागणिक मानधन देण्याची प्रथा जुनी आहे.

धार्मिक विधी आणि विवाहाची मिरवणूक यांत वाजविल्या जाणाऱ्या संगीताला कायद्याने सूट दिली आहे. मात्र हॉटेलांतील व सभागृहांतील विवाहोत्तर सोहळे तीत येतात का, याविषयी वाद होत राहिले. गोवा सरकारने ही सूट व्यापक करणारे परिपत्रक काढले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. संगीताच्या जाहीर वापराचे परवाने हक्कदारांच्या संस्था देतात. गीतकार, संगीतकार व संगीत-प्रकाशक यांची आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली.

चाचेगिरी

चित्रपट, संगीत व आज्ञावल्या यांच्या अनधिकृत प्रती काढून पसरविण्यास 'चाचेगिरी' म्हणतात. २०१६ मध्ये नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच त्याच्या अनधिकृत प्रती इंटरनेटवरून पसरल्या. तरीही चित्रपटाने मराठीत उत्पन्नाचा विक्रम केला. 'चाचेगिरीने नुकसान होत नाही' या मतासाठी हे उदाहरण अनेकदा दिले जाते. परंतु ज्या चित्रपटाला दिवसाकाठी एखाददुसराच खेळ मिळतो, त्याचे भवितव्य पहिल्या आठवड्याच्या तिकीटविक्रीवर ठरते. गाजलेल्या चित्रपटाचा अनुभव त्याला लागू करता येत नाही.

प्रताधिकाराचा जाणूनबुजून भंग केल्यास सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये धोकादायक व्यक्तींच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या आपल्या १९८१ च्या कायद्यात दृकश्राव्य कलाकृतींच्या चाच्यांचा समावेश केला. चित्रपटगृहात अनधिकृत चित्रण करण्यास २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने स्वतंत्र शिक्षा ठरविली असून, दंड चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

सुरक्षिततेशी संबंध

अनधिकृत प्रतींचा प्रश्न केवळ निर्मात्याच्या उत्पन्नाचा नाही. फुकट चित्रपट देऊ करणारी संकेतस्थळे अनेकदा वाचकाला घातक दुव्यांकडे नेतात. मोबाइलवर एपीके स्वरूपात आलेले अनोळखी ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते; ती दिल्यास बँकेचा ओटीपीही परक्या हाती जाऊ शकतो. संगणक-आज्ञावलीचे कुलूप तोडणारी फाइल चालविताना वापरकर्ता बहुधा विषाणूरोधक यंत्रणा स्वतःच बंद करतो. अशा आज्ञावल्यांत सुरक्षाविषयक सुधारणाही वेळेवर बसविल्या जात नाहीत. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, ती बुजविणारी सुधारणा मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेले संगणक त्याला बळी पडले. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

अधिकृतपणे घेतलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत स्वतःसाठी करून ठेवण्यास कायद्याने मुभा आहे.

मुक्त परवाने

अनधिकृत प्रतीला कायदेशीर पर्याय म्हणजे मुक्त परवान्याखालील साहित्य. यात लेखक आपला हक्क कायम ठेवून, काही अटींवर इतरांना प्रती काढण्याची व बदल करण्याची मोकळीक देतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील मजकूर अशाच परवान्याखाली आहे; तो श्रेय देऊन व तीच मोकळीक पुढे देऊन कोणालाही वापरता येतो. अक्षरसंचांच्या बाबतीत मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. प्रताधिकारमुक्त मराठी ग्रंथ विकिस्रोत या प्रकल्पात स्वयंसेवक टंकलिखित करून ठेवतात.

वादाचे मुद्दे

साठ वर्षांची मुदत लेखकाच्या कुटुंबाला आधार देते. त्याच वेळी, पुन्हा न छापल्या जाणाऱ्या पुस्तकांना ती अडचणीची ठरते. असंख्य मराठी पुस्तकांच्या पुढील आवृत्त्या निघत नाहीत, प्रकाशनसंस्था बंद पडलेल्या असतात आणि वारस कोठे आहेत हे कळत नाही. ग्रंथालयातील जीर्ण प्रत एवढाच त्यांचा आधार उरतो. कायद्यात अशा कृतींसाठी सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, परंतु तिची प्रक्रिया सामान्य वाचकाच्या किंवा छोट्या ग्रंथालयाच्या आवाक्यातील नाही. म्हणून अनेकजण अनधिकृत पीडीएफला जतनाचा मार्ग मानतात, तर लेखक व प्रकाशक तीच सबब विक्रीत असलेल्या पुस्तकांसाठीही वापरली जाते, असा आक्षेप घेतात.

या पेचावरचा एक उपाय लेखकाच्याच हाती आहे. कलम २१ नुसार लेखकाला आपल्या हयातीत जाहीर सूचना देऊन हक्क पूर्णतः किंवा अंशतः सोडता येतो. तसे करावयाचे नसल्यास मृत्युपत्रात हक्कांचा स्पष्ट उल्लेख केल्याने, परवानगी कोणाकडे मागावी हे तरी पुढील वाचकाला समजते.