आडनावामागचे गोत्र

पुणे-नगरकडच्या जुन्या पेठांतील ओसवाल कुटुंबाला मूळ गाव विचारले, तर उत्तर बहुधा ‘मारवाड’ एवढेच मिळते. गावाचे नाव पणजोबांबरोबरच गेलेले असते.

वंशावळ लिहू पाहणाऱ्याची पहिली दिशाभूल आडनावच करते. कोठारी, भंडारी, मेहता ही मुळात कारभारातील पदे. कोठार सांभाळणाऱ्याचे वंशज कोठारी झाले. कोठारी ओसवालांत आहेत, तसे माहेश्वरींतही आहेत. मुहणोत हे कुळनाव दक्षिणेत येऊन मुनोत झाले. त्यामुळे सोयरिकीच्या वेळी आडनाव एक आहे की वेगळे, यावरून काहीच ठरत नाही. गोत्र विचारावेच लागते, आणि नेमके तेच नव्या पिढीला सांगता येत नाही.

सरकारी कागदांत तर पुष्कळदा नावापुढे नुसते ‘मारवाडी’ किंवा ‘गुजर’ लिहिलेले असते. उरतात घरच्या वह्या. त्यांनाही दुर्दैव आडवे आले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोष होता कर्जरोख्यांवर. पण रोख्यांबरोबर हिशेबाच्या वह्याही जळाल्या, आणि वह्यांबरोबर घराण्यांची नावनिशी.

तरी माग अगदीच नाहीसा होत नाही. पेढीचे नाव पुष्कळदा पिता-पुत्रांची नावे जोडून ठेवलेले असते. जुन्या पाटीवर दोन पिढ्या सहज सापडतात. खरेदीखते मोडीत असतात, ती जाणकाराकडून वाचून घ्यावी. वहीवरील संवत १९३२ मधून ५७ वजा केले की इसवी सन १८७५ येते. वर्षअखेरीच्या काही महिन्यांसाठी मात्र ५६ वजा करावे लागतात.

भाटांच्या वहीत मूळ पुरुषापर्यंत अखंड साखळी मिळते. ती जपून ठेवावी, पण अन्य पुराव्याशी ताडून पाहावी. यजमानाला राजकुळाशी जोडण्याचा मोह तेथे असतो. मधली पिढी सापडत नसेल, तर तक्त्यात ती जागा कोरीच सोडावी.

याहून भरवशाचा पुरावा मंदिरांतील धातुप्रतिमांच्या पाठीवर असतो. प्रतिष्ठेचा संवत, आचार्यांचे नाव, अनेकदा ज्ञाती, गोत्र आणि गाव तेथे कोरलेले असते. श्रावकाच्या नावापाठोपाठ ‘भार्या’ म्हणून त्याच्या पत्नीचेही नाव येते. घरोघरी टांगलेल्या छापील वंशवृक्षांत मात्र ते बहुधा गाळलेले असते.