चिप झोपते म्हणजे नेमकं काय होतं? बॅटरी वाचवणारं ‘क्लॉक गेटिंग’ सोप्या शब्दांत

टीव्हीच्या रिमोटमधले दोन छोटे सेल कित्येक महिने पुरतात. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी अर्डुइनो उनो बोर्डवर केलेला तापमान मोजण्याचा प्रोजेक्ट मात्र ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एक दिवसही नीट चालत नाही. रिमोटमध्येही चिप असते आणि प्रोजेक्टमध्येही. मग हा फरक कुठून येतो?

मोठं कारण हे की, रिमोटची चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. पण चिपच्या बाबतीत ‘झोपणं’ म्हणजे काय? वीज बंद करणं? तसं नाही. चिपमध्ये आधी बंद होतो तो तिचा ताल.

चिपला ताल कशासाठी लागतो?

शाळेच्या मैदानावरची कवायत आठवा. शिट्टी वाजते आणि सगळी मुलं एकाच वेळी पुढची हालचाल करतात. शिट्टी नसेल तर कोणाचा हात वर, कोणाचा खाली.

मायक्रोप्रोसेसरमध्ये ही शिट्टी म्हणजे ‘क्लॉक’. शून्य आणि एक यांच्यामध्ये सतत वरखाली होणारा हा विद्युत संकेत. १६ मेगाहर्ट्झची चिप म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. हा ताल तारांच्या जाळ्यातून चिपच्या कानाकोपऱ्यात पोहोचतो आणि प्रत्येक ठोक्याला ‘फ्लिप-फ्लॉप’ नावाचे छोटे स्मृती-घटक नवी माहिती पकडतात.

काम नसताना वीज का जाते?

आजच्या बहुतेक चिप्स सीमॉस तंत्रावर बनतात. त्यात विजेचा मोठा खर्च स्थिती बदलताना होतो. तार शून्यावरून एकवर न्यायची तर तिच्यात विद्युतभार भरावा लागतो आणि पुन्हा शून्यावर आणताना तो रिकामा करावा लागतो. हा खर्च तीन गोष्टींवर ठरतो: किती तारा हलतात, सेकंदाला किती वेळा हलतात आणि व्होल्टेज किती आहे. व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो, म्हणजे व्होल्टेज निम्मं केलं तर हा खर्च एक चतुर्थांशावर येतो.

खरी मेख पुढे आहे. चिपकडे काहीही काम नसलं, आत एकही आकडा बदलत नसला, तरी क्लॉकची तार प्रत्येक ठोक्याला भरते आणि रिकामी होते. कवायतीतल्या कदमतालासारखंच. मुलं जागची हलत नाहीत, पण घाम निघतो.

क्लॉक गेटिंग काय करतं?

उपाय सरळ आहे. ज्या विभागाला काम नाही, त्याच्याकडे जाणाऱ्या तालाच्या वाटेवर एक फाटक बसवायचं. फाटक उघडं तर ठोके आत जातात, बंद तर तो विभाग गोठतो. त्याला वीज मिळत राहते, त्यामुळे साठवलेली माहिती पुसली जात नाही. फक्त हालचाल थांबते आणि हालचालीचा खर्चही.

हे फाटक कधीही उघडून चालत नाही. ठोका चालू असताना मध्येच उघडलं तर अर्धवट ठोका आत जातो आणि पुढचं गणित बिघडतं. म्हणून ताल शून्यावर असतानाच फाटकाची स्थिती बदलेल, अशी छोटी कडी त्याला जोडलेली असते.

झोपेचेही प्रकार

अर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप चांगलं उदाहरण आहे. तिच्यात झोपेचे ६ प्रकार आहेत. त्यातले तीन पाहू.

‘आयडल’ ही डुलकी. मुख्य प्रोसेसर आणि प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीचा ताल थांबतो. टायमर आणि संवादाचे विभाग चालूच राहतात, त्यामुळे चिप अवघ्या काही ठोक्यांत जागी होते.

‘पॉवर-सेव्ह’मध्ये जवळपास सगळं थांबतं. वेळ मोजण्यासाठी वेगळ्या, संथ तालावरचा एक टायमर चालू ठेवता येतो.

‘पॉवर-डाऊन’ ही गाढ झोप. मुख्य ताल निर्माण करणारा ऑसिलेटरच बंद होतो. बटण दाबल्यासारखा बाहेरचा संकेत आला किंवा आतला वॉचडॉग टायमर वाजला की चिप उठते. पण उठल्यावर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल स्थिर व्हायला १६,३८४ ठोके, म्हणजे सुमारे १ मिलिसेकंद थांबावं लागू शकतं. झोप जितकी गाढ, तितका उठायला वेळ.

फरक किती पडतो?

उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार १.८ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झवर ही चिप जागेपणी ०.२ मिलिअँपिअर प्रवाह घेते. पॉवर-सेव्हमध्ये, वेळ मोजत असताना, ०.७५ मायक्रोअँपिअर. पॉवर-डाऊनमध्ये फक्त ०.१ मायक्रोअँपिअर, म्हणजे २,००० पट कमी.

आता हिशेब करू. नाण्याच्या आकाराच्या सीआर २०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. चिप सतत जागी राहिली तर तो सुमारे ४६ दिवसांत संपेल. तीच चिप मिनिटातून एकदाच, सेकंदाच्या ६० हजारांश भागापुरती उठली आणि बाकी वेळ पॉवर-सेव्हमध्ये राहिली, तर सरासरी प्रवाह १ मायक्रोअँपिअरच्याही खाली येतो. कागदावर हे आयुष्य २५ वर्षांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात सेन्सर, रेडिओ आणि सेलचं स्वतःचं वय आधी आड येतं, पण चिप आड येत नाही.

हा फरक केवळ सोयीचा नाही. हृदयात बसवलेल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली की उपकरण बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तिथे वाचलेल्या प्रत्येक मायक्रोअँपिअरला किंमत आहे.

मग ताल थांबवला की झालं?

नाही. ताल थांबला तरी ट्रान्झिस्टरमधून थोडी वीज झिरपत राहते. फोन आणि लॅपटॉपच्या चिप्समध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. म्हणून तिथे गाढ झोपेत काही विभागांची वीजच तोडतात. याला ‘पॉवर गेटिंग’ म्हणतात. त्यात त्या विभागातली माहिती पुसली जाते, म्हणून ती आधी दुसरीकडे जपून ठेवावी लागते.

दुसरी अडचण प्रोग्राममध्ये असते. चिपमध्ये फाटकं असली तरी गाढ झोपेचा आदेश प्रोग्रामनेच द्यायचा असतो. ‘बटण दाबलं का?’ असं रिकाम्या चक्रात सतत विचारत बसणारा प्रोग्राम चिपला डोळा मिटू देत नाही. एटीमेगात तर झोपण्यापूर्वी सेन्सरचे आकडे वाचणारा एडीसी विभागही आठवणीने बंद करावा लागतो. नाहीतर तो झोपेतही वीज खातो.

तिसरी अडचण बोर्डाची. उनोवर सतत पेटलेला एक पॉवर एलईडी असतो. त्याने १ मिलिअँपिअर जरी घेतला, तरी तो गाढ झोपलेल्या चिपच्या १०,००० पट होतो. शिवाय यूएसबीची वेगळी चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटरही जागेच असतात. म्हणून बॅटरीवर चालणारं उपकरण करायचं असेल तर तीन गोष्टी तपासा: कामाविना कोण जागं आहे, त्याला झोपवायचा आदेश दिला आहे का आणि त्याला उठवणार कोण. बॅटरी मोठी घेण्याचा विचार त्यानंतर करा.