एका बोल्टची किंमत

आमच्या घरात विमानात बसलेले कुणी नाही. महाविद्यालयाची पायरी चढणाराही मीच पहिला. वडील तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये फिटर आहेत. विमानांच्या देखभालीतील चुकांवर लिहायचे ठरवले, तेव्हा मित्र म्हणाले, "कला शाखेच्या मुलाला विमान कशाला हवे?" परंतु यंत्राचा प्रश्न शेवटी माणसापाशीच येऊन थांबतो, आणि माणसाचा अभ्यास तर आपल्याच शाखेत होतो.

अपघात म्हटला की आपण वैमानिकाला किंवा हवामानाला दोष देतो. रात्रपाळीत बोल्ट आवळणारा माणूस कुणाला आठवत नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. सुमारे १७,३०० फुटांवर वैमानिकासमोरची काच एकाएकी उडाली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सेवकांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सुमारे वीस मिनिटांनी सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले. विमानातील सर्व ८७ जण वाचले, कॅप्टनही वाचले.

कारण काय होते? आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंच, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी, बारीक होते. उरलेले सहा आखूड होते. काच बाहेरून बसवलेली असल्याने आतल्या हवेचा दाब तिला बाहेर ढकलत होता. सारा भार बोल्टांवर, आणि आटे नीट धरलेले नाहीत!

काम करणारा अनुभवी होता. भांडारातल्या माणसाने त्याला योग्य क्रमांकाचा बोल्ट सांगितलाही होता. पण त्याने जुना बोल्ट नमुना धरला आणि अपुऱ्या उजेडात नजरेने जुळवून नवे घेतले. मुळात तो जुना बोल्टही नियमाप्रमाणे नव्हता. आवळताना आटे सरकल्याची टकटक झाली, ती त्याला बोल्ट पुरेसा आवळल्याची खूण वाटली. ते काम दुसऱ्याने तपासावे असा नियमच नव्हता.

प्रत्येक वेळी दैव असे साथ देत नाही. १९७८ साली ओसाका येथे जपान एअरलाइन्सच्या एका जंबो जेटची शेपटी धावपट्टीवर घासली. मागच्या दाबभिंतीच्या दुरुस्तीत जोडपट्टी अखंड न लावता दोन तुकड्यांत लावली गेली. त्यामुळे रिव्हेटांच्या एकाच ओळीवर भार आला. विमान सात वर्षे उडत राहिले आणि धातू हळूहळू थकत गेला. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली, विमानाचे नियंत्रण गेले आणि ५२० माणसे मृत्युमुखी पडली. चौघी जणी वाचल्या. चूक एका दिवसाची, परिणाम सात वर्षांनी!

म्हणूनच महत्त्वाचे काम दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे तपासणे, स्मरणावर विसंबून न राहता पुस्तिका पाहणे आणि चूक कबूल करणाऱ्याला ती निर्भयपणे सांगता येणे, या गोष्टींना विमान-देखभालीत फार मोल आहे. थकवा आणि घाई यांनाही आज अपघाताची कारणे मानतात.

बोल्टाची हकीकत मी अण्णांना सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला नावं ठेवू नको. मीपण जुन्याला जुळवूनच नवा घेतो." पुढे त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एकदा एका जीपच्या चाकाचे नट त्यांच्याकडून आवळायचे राहिले होते. आवाज येतो म्हणून ड्रायव्हर फाट्यावरून परत आला, म्हणून निभावले. तेव्हापासून पोऱ्याकडून एकेक नट तपासून घेतल्याशिवाय ते गाडी सोडत नाहीत.

अण्णांचे काळे हात कुणाला दिसू नयेत, म्हणून प्रवेशाच्या दिवशी मी त्यांना फाटकाबाहेर थांबवले होते. वाचकहो, तीही एक चूकच होती. ती मी येथे कबूल करतो.